जपानच्या ऱ्योकानमध्ये मुक्काम: बुकिंगपासून निरोपापर्यंत

मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की सोलापूरकर वाळ्याचे पडदे, माठ आणि कूलर यांच्या भरवशावर दुपार काढतो. तेवढ्याच तापलेल्या पाण्यात गळ्यापर्यंत बसण्यासाठी आम्ही व्हिसा काढून आणि विमानाचे पैसे भरून जपानला निघालो आहोत, हे ऐकल्यावर आईने "मग गच्चीवर बसा की, फुकट आहे," असा सल्ला दिला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस कुसात्सू या गरम झऱ्यांच्या जपानी गावी, बाहेर बोचरा वारा सुटलेला असताना, त्याच आईला पाण्यातून बाहेर काढण्यासाठी माझ्या पत्नीला तीनदा हाक मारावी लागली. त्या सहलीत आणि नंतरच्या दोन मुक्कामांत चुकतमाकत जे शिकलो, ते पहिल्यांदा जाणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

ऱ्योकान म्हणजे जपानी धाटणीचे पारंपरिक निवासगृह, आणि ओन्सेन म्हणजे भूगर्भातून येणारे उष्ण किंवा खनिजयुक्त पाणी व त्यावर बांधलेले स्नानगृह. प्रत्येक ऱ्योकानमध्ये ओन्सेन असतेच असे नाही, पण पर्यटक ज्या गावांत मुक्कामाला जातात तेथे बहुधा दोन्ही एकत्रच असतात. हॉटेलात आपण खोली भाड्याने घेतो आणि पुढचा वेळ आपला असतो. ऱ्योकानमध्ये मात्र आपण एका घराच्या दिनक्रमात एका रात्रीपुरते सामील होतो. केव्हा यायचे, केव्हा जेवायचे, अंथरूण केव्हा घातले जाईल आणि सकाळी केव्हा निघायचे, हे सारे त्या घराने ठरवलेले असते. ही गोष्ट एकदा मनाशी पक्की केली की पुढचे बरेचसे नियम आपोआप उलगडत जातात, आणि ती न समजल्यास एवढा खर्च करूनही माणूस रुसून परत येतो.

गाव कसे निवडावे

जपानच्या १९४८ च्या ओन्सेन कायद्यानुसार उगमापाशी पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक तरी घटक ठरलेल्या प्रमाणात असेल, तर त्या पाण्याला ओन्सेन म्हणता येते. पंचवीस अंशांची ही अट पाहिली तर आपल्याकडच्या कित्येक बोअरचे पाणीही बहुधा या कसोटीला उतरेल! याचा व्यावहारिक अर्थ असा की नुसती 'ओन्सेन' अशी पाटी पाहून भारावून जाऊ नये. काही ठिकाणी पाणी तापवलेले असते, तर काही ठिकाणी गाळून पुन्हा फिरवलेले असते. उगमाचे पाणी सतत कुंडात पडत राहते आणि कडेवरून वाहून जाते, त्या पद्धतीला 'गेन्सेन काकेनागाशी' म्हणतात, आणि जाणकार हेच शब्द शोधून बुकिंग करतात. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरातल्या माणसाला ते रात्रंदिवस वाहून जाणारे पाणी पाहून पहिले काही क्षण जिवावर येते, हे मात्र खरे आहे.

टोकियोहून पहिल्यांदाच जाणाऱ्यांना हाकोने सर्वांत सोयीचे पडते, कारण शिंजुकू स्थानकावरून सुटणारी रोमान्सकार ही गाडी साधारण दीड तासात हाकोने-युमोतोला पोहोचवते. कुसात्सूला रेल्वे नाही. नागानोहारा-कुसात्सुगुची स्थानकावर उतरून पुढे अर्ध्या तासाचा बसप्रवास करावा लागतो, पण पाण्याच्या दृष्टीने माझी पसंती याच गावाला आहे. तेथील पाणी गंधकयुक्त आणि विलक्षण आम्लधर्मी असून त्याचा सामू (pH) सुमारे २, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतका असतो. उगमाचे पाणी अंगावर घेता येणार नाही इतके गरम असते, पण गार पाणी मिसळले तर त्याचे गुण पातळ होतील, म्हणून लांब फळ्यांनी ते घुसळून निववण्याची 'युमोमी' ही रीत तेथे पडली, आणि आज ती गाण्याच्या तालावर पर्यटकांना दाखवली जाते. क्यूशू बेटावरील बेप्पू येथे दोन हजारांहून अधिक उगम आहेत आणि गावाच्या गटारांतूनसुद्धा वाफ येताना दिसते. मात्सुयामा शहरातील दोगो ओन्सेनची १८९४ साली बांधलेली तिमजली लाकडी इमारत केवळ वास्तू म्हणूनही पाहण्यासारखी आहे. क्योटोहून अडीच तासांच्या अंतरावरचे किनोसाकी हे गाव तेथील सात सार्वजनिक स्नानगृहांसाठी ओळखले जाते. मुक्कामाच्या पाहुण्यांना तेथे प्रवेशाचा पास मिळतो आणि लोक सुती झगा व लाकडी खडावा घालून संध्याकाळभर एका स्नानगृहातून दुसऱ्यात हिंडत असतात.

जुनेपणाचे वेड असणाऱ्यांनी यामानाशी प्रांतातील निशियामा ओन्सेन केइउनकानचे नाव लक्षात ठेवावे. इ.स. ७०५ मध्ये सुरू झालेले हे निवासगृह जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनेस बुकात नोंदले गेले आहे.

बुकिंग

दर खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. एका रात्रीसाठी दोन जेवणांसह माणशी पंधरा हजार येनपासून तीस-चाळीस हजार येनपर्यंत खर्च सहज येतो. गेल्या काही वर्षांत एक येन पन्नास-साठ पैशांच्या आसपास फिरत असल्याने हा आकडा रुपयांत काय होईल, हे ज्याने त्याने निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. शनिवारची रात्र, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील सुट्ट्या, ऑगस्टच्या मध्यातील ओबोन हा पितरांचा सण आणि नववर्ष या काळात दर चढतात आणि गड्ड्याच्या यात्रेत सोलापुरातले लॉज भरावेत तशी ही गावे भरून जातात. मंगळवार-बुधवारची रात्र निवडल्यास पैसे वाचतात आणि स्नानगृहही निवांत मिळते. एकट्या प्रवाशाला खोली देण्यास काही ठिकाणी नकार मिळतो, त्यात अपमान वाटून घेऊ नये. त्यांचा सारा हिशेब दोन माणसांच्या स्वयंपाकावर बसवलेला असतो.

बुकिंग करताना तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: खोलीला स्वतःचे शौचालय आहे का, कारण जुन्या इमारतींत ते सामाईक असू शकते, कुटुंबापुरते स्वतंत्र स्नानगृह मिळते का, आणि जमिनीवर झोपणे-उठणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी पलंगाची खोली आहे का. रद्द करण्याचे नियम कडक असतात. पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे त्या दिवशीचा मासा आणि भाजी आणली जाते, त्यामुळे ऐनवेळी न येणाऱ्याकडून पूर्ण रक्कमही घेतली जाऊ शकते.

शाकाहाराचा प्रश्न

आपल्या वाचकांसाठी हा सर्वांत अवघड भाग आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. ऱ्योकानचे रात्रीचे जेवण 'काइसेकी' पद्धतीचे असते: आठ-दहा लहान पदार्थ, प्रत्येकाचे भांडे वेगळे, आणि ऋतूप्रमाणे बदलणारी मांडणी. त्या साऱ्या स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाचा रस्सा असतो, आणि तो बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून किसलेल्या बोनितो माशापासून काढतात. त्यामुळे पाण्यात उकडलेला भोपळा, टोफू, मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप, एवढेच काय पण भाजीवर ओतलेला पातळ रस, हे सगळे डोळ्यांना शाकाहारी दिसले तरी तसे असेलच असे नाही.

आमच्या पहिल्या मुक्कामात मी बुकिंगच्या वेळी 'व्हेजिटेरियन' एवढाच शब्द लिहिला आणि निश्चिंत झालो. जेवणात मांस खरोखरच नव्हते. पण मधोमध एक अख्खा भाजलेला मासा, शेपटी वळवून, मिठाने पांढरा करून ठेवलेला होता, आणि तो वाढणारी बाई कौतुकाच्या अपेक्षेने आमच्याकडे पाहत होती. चूक माझी होती. मासा हा मांसात मोडत नाही असे समजणारी माणसे तेथे पुष्कळ आहेत, आणि शब्दाचा अर्थ समजावून सांगणे ही पाहुण्याची जबाबदारी आहे.

तेव्हा बुकिंगच्या वेळीच लिहावे की मांस, मासा, कोळंबी-खेकडा यांपैकी काही चालत नाही आणि माशाची दाशीही चालत नाही. कोंबू हे समुद्रशेवाळ आणि शिताके अळिंबी यांची दाशी चालते. अंडे चालते की नाही तेही लिहावे, कारण चावानमुशी हा वाफवलेला अंड्याचा पदार्थ हमखास असतो. हेच पुन्हा एकदा मुक्कामाच्या आठवडाभर आधी कळवावे, आणि तोंडी सांगण्याची वेळ आलीच तर "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन, साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन" ही दोन वाक्ये पाठ करून ठेवावीत. "जमणार नाही" असे उत्तर आले तर ते प्रामाणिक उत्तर समजावे आणि दुसरे ठिकाण शोधावे. किंवा जेवणाविना फक्त खोली घेऊन पोटाची सोय बाहेर करावी. लहान गावांत रात्री आठनंतर फारसे काही उघडे नसते, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

ज्यांना यात कसलीच जोखीम नको त्यांनी एक रात्र वाकायामा प्रांतातील कोयासान येथे काढावी. नवव्या शतकात कूकाई या बौद्ध आचार्याने स्थापन केलेल्या या डोंगरावरील पन्नासएक मंदिरे प्रवाशांना मुक्कामाला घेतात. तेथे 'शोजिन र्‍योरी' हे साधूंचे जेवण मिळते, ज्यात मांस-मासा नसतोच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. उष्ण झऱ्यांची मौज तेथे बहुधा नाही, पण तातामीची, म्हणजे गवती चटयांची खोली, युकाता हा सुती झगा, फुतोन ही जमिनीवर घालायची गादी आणि ठरलेल्या वेळा हे सगळे तेथे आहे.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बरोबर न्यावी का, असा प्रश्न सोलापूरहून निघणारा प्रत्येक जण विचारतो. प्रवासासाठी अवश्य न्यावी. ताजी फळे, भाज्या आणि कोणतेही मांसाचे पदार्थ मात्र सामानात असू नयेत, कारण ते विमानतळावर काढून घेतले जातात. ऱ्योकानच्या जेवणाच्या दालनात आपला डबा उघडणे हे यजमानाच्या स्वयंपाकावर नाराजी दाखवण्यासारखे ठरते. आम्ही आईसाठी आधी विचारून परवानगी घेतली, चटणी एका लहान वाटीत काढली आणि त्यांच्या चिकट गरम भातावर घेतली. वाढणाऱ्या बाईंनी वाटीजवळ नाक नेऊन वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि लगेच पाण्याचा पेला उचलला. त्यानंतर प्रत्येक पदार्थ ठेवताना त्या त्या वाटीकडे पाहून हसत राहिल्या.

सामान, दागिने आणि गोंदण

मोठी चाकांची बॅग तातामीवर ओढत न्यायची नसते, कारण तातामी म्हणजे गवताची विणलेली चटई आणि तिच्यावर चाकांचे वळ उठतात. शक्य असल्यास मोठी बॅग कुरिअरने थेट पुढच्या शहरातील हॉटेलवर पाठवावी. ही 'ताक्युबिन' सेवा विश्वासार्ह आहे, आणि बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. बरोबर एका रात्रीपुरती पिशवी ठेवावी. टॉवेल, साबण, शाम्पू, रात्रीचा झगा हे सगळे तेथे मिळते. पारपत्र मात्र हाताशी असावे, कारण परदेशी पाहुण्याच्या पारपत्राची प्रत काढून घेणे त्यांना बंधनकारक आहे.

दागिन्यांबाबत माझ्या पत्नीचा अनुभव सांगण्यासारखा आहे. कुसात्सूला पहिल्या संध्याकाळी ती जोडवी न काढता पाण्यात उतरली आणि अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा चांदीची ती जोडवी जुन्या कढईच्या कडीसारखी काळी पडली होती. पाण्यातील हायड्रोजन सल्फाइडचा चांदीशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. चांदी खराब झालेली नसते, पण दिसायला भयंकर दिसते. घरी आल्यावर अॅल्युमिनियमच्या फॉइलवर जोडवी ठेवून, खायचा सोडा टाकून, वरून कढत पाणी ओतले तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास सुटला आणि थर उतरला. पैंजण, चांदीचा करगोटा, मुलांचे वाळे, सगळ्यांना हाच नियम लागू आहे, आणि सोन्यात तांबे-चांदीची भेसळ असल्याने तेही मंदावू शकते. मंगळसूत्र काढून ठेवणे ज्यांच्या मनाला पटत नाही, त्यांनी गंधकाचे पाणी टाळून आतामीसारख्या खारट पाण्याच्या गावी जावे. स्नानगृहात लावलेल्या फलकावर पाण्याचा प्रकार, तापमान, सामू आणि कोणी पाण्यात उतरू नये याची माहिती कायद्यानेच लिहिलेली असते; भाषांतराच्या अॅपने तो खोलीतून निघण्यापूर्वीच, म्हणजे संकेतस्थळावरील छायाचित्रावरून, वाचून घ्यावा.

गोंदणाचा प्रश्न आपल्याकडच्या वडीलधाऱ्या बायकांच्या बाबतीत हमखास निघतो. अंगभर गोंदण ही जपानमध्ये गुन्हेगारी टोळ्यांची खूण मानली जात आल्याने अनेक स्नानगृहांत गोंदलेल्या व्यक्तीला प्रवेश नसतो. आईच्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेले आहे. आम्ही आगाऊ छायाचित्र पाठवून विचारले, आणि त्वचेच्या रंगाची पट्टी लावून जाण्यास सांगण्यात आले. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत गोंदणाला आडकाठी नाही. लग्नसराईनंतर लगेच जाणाऱ्यांनी मेंदीचाही विचार करावा, कारण कोपरापर्यंतची मेंदी पाहून दारावरची व्यक्ती गोंधळून जाते.

पोहोचल्यावर

दुपारी तीननंतर खोली मिळते, आणि तीन-चारच्या सुमारास पोहोचणे सर्वांत उत्तम, कारण जेवण सहा किंवा साडेसहाला असते आणि त्याआधी एक स्नान झालेले असावे. आपल्याकडे सहाचे निमंत्रण म्हणजे आठपर्यंत पंगत. तेथे सहा म्हणजे सहाला पहिली वाटी समोर आलेली असते. उशीर होणारच असेल तर फोन करून कळवावे.

दाराशी 'गेनकान' ही खोलगट जागा असते, तेथे जोडे काढून वर चढायचे आणि ठेवलेल्या सपाता घालायच्या. उंबऱ्याशी चपला काढणाऱ्या आपल्या लोकांना यात काही नवीन वाटत नाही. चूक होते ती पुढे. सपाता फक्त बोळातून चालण्यासाठी असतात, तातामीच्या खोलीत त्याही काढून ठेवायच्या असतात, आणि शौचालयाच्या दारात ज्या निराळ्या सपाता असतात त्या तेथेच सोडून बाहेर यायचे असते. त्या घालून बोळभर हिंडलेला पाहुणा मी पाहिला आहे, आणि तो पाहुणा मीच होतो.

खोलीत बहुधा एक किंचित उंच कोनाडा असतो, ज्यात चित्रपट्टी टांगलेली आणि फुले मांडलेली असतात. त्याला 'तोकोनोमा' म्हणतात. देव्हाऱ्यापुढे आपण जशी बॅग टेकवत नाही तशीच तेथेही टेकवू नये. मेजावर चहा आणि एक लहान गोड पदार्थ ठेवलेला असतो. तो खाऊन मगच स्नानाला जावे, म्हणजे रिकाम्या पोटी गरम पाण्यात घेरी येत नाही.

कपाटातला सुती झगा म्हणजे 'युकाता'. पुरुष असो की स्त्री, आधी उजवा पदर अंगाशी घ्यावा आणि डावा पदर त्यावर आणावा, कारण उलटा नेसवलेला युकाता मृतदेहाचा असतो. वरून 'ओबी' हा पट्टा बांधला की जेवायला, स्नानाला आणि आवारात हिंडायला हाच वेष चालतो. थंडीत त्यावर घालायला जाड अंगरखाही मिळतो.

स्नान

दारावरच्या पडद्याला 'नोरेन' म्हणतात. तो बहुधा स्त्रियांसाठी लाल आणि पुरुषांसाठी निळा असतो, पण रंगावर विसंबू नये. पुरुषांच्या चित्राक्षरात वरच्या बाजूला चार घरांची चौकट असते. ते भातशेताचे चिन्ह आहे, बांध घातलेल्या चार वाफ्यांसारखे, आणि त्याच्याखाली बळाचे चिन्ह असते. शेतात बळ लावणारा तो पुरुष. वाफे दिसले तर पुरुषांनी आत जावे, न दिसले तर थांबून विचारावे. अनेक ठिकाणी रात्रीतून दोन्ही बाजूंची अदलाबदल करतात, म्हणजे सर्व पाहुण्यांना दोन्ही कुंडांचा लाभ मिळतो, म्हणून सकाळी अर्धवट झोपेत कालच्याच दारात शिरू नये.

आता मुख्य अडचण. सार्वजनिक कुंडात वस्त्राविना उतरायचे असते; पोहण्याचा पोशाख, टी-शर्ट, पंचा, काहीही चालत नाही. चंद्रभागेत आपण लुगड्या-धोतरासकट बुडी मारतो आणि त्यात पावित्र्य मानतो, तर तेथे कापड पाण्यात गेले की पाणी बाटले असे मानतात. ज्यांना हे काही केल्या जमणार नाही त्यांनी संकोच न करता 'काशिकिरी' स्नानगृह मागावे. ते चाळीस मिनिटे ते तासभर एका कुटुंबाला मिळते, काही ठिकाणी फुकट तर काही ठिकाणी दोन-तीन हजार येनांत. खोलीलाच जोडलेले कुंड हा आणखी महागडा पर्याय आहे. आम्ही आधी काशिकिरी घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, कोणी नसेल असे हेरून, मोठ्या कुंडात गेलो तर तेथे एक आजोबा बसलेले होते. त्यांनी मान किंचित लववली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. कोणी कोणाकडे पाहत नाही, हे कळायला तेवढे पुरेसे होते.

कपडे टोपलीत ठेवून फक्त लहान टॉवेल बरोबर न्यायचा. आमचे घर टॉवेलच्या धंद्यातले असल्याने माझा हात आधी त्याच्याकडे गेला: साधारण पस्तीस सेंटीमीटर रुंद, ऐंशी-नव्वद सेंटीमीटर लांब, झिरझिरीत आणि हलका. सोलापुरी टर्किश टॉवेलच्या मानाने तो कोणी फुकटही घेणार नाही असे वाटले, पण त्याचे काम निराळे आहे. तो अंग घासायला, चालताना आडोसा धरायला आणि पिळून लगेच अंग टिपायला असतो. जाड टॉवेल ओला झाला की यांतले एकही काम धड करीत नाही. कुंडात बसल्यावर त्याची घडी डोक्यावर किंवा काठावर ठेवावी. मोठा टॉवेल कपड्यांपाशीच राहतो.

कुंडात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुणे, हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम. भिंतीलगत नळ, आरसे, लहान बैठी स्टुले आणि डबे मांडलेले असतात. तेथे बसून, उभे राहून मुळीच नव्हे, साबण लावून आंघोळ करायची आणि फेसाचा कणही राहू द्यायचा नाही. पाटावर बसून बादली-तांब्याने आंघोळ केलेल्या पिढीला हे सहज जमते. शॉवरखाली वाढलेली मुलेच शेजाऱ्यावर शिंतोडे उडवतात. डोक्याला तेल असेल तर केस दोनदा धुवावेत, नाहीतर पाण्यावर तवंग येतो. उठताना स्टूल आणि डबा धुऊन जागच्या जागी ठेवावा.

मग कुंडातले पाणी डब्याने आधी पायांवर, नंतर हातांवर आणि खांद्यांवर घ्यावे, म्हणजे शरीराला उष्णतेची ओळख होते. पाणी बहुधा ४० ते ४२ अंश असते. हळूच उतरावे, पहिल्या खेपेस पाच मिनिटांत बाहेर यावे, काठावर बसून निवावे आणि पुन्हा जावे. लांब केस वर बांधलेले असावेत. पोहणे, डोके बुडवणे, मोठ्याने बोलणे आणि मोबाइल आणणे हे चारही वर्ज्य आहे. उघड्यावरच्या कुंडाला 'रोतेनबुरो' म्हणतात, आणि डोके थंड हवेत व शरीर गरम पाण्यात असण्याचे सुख तेथे मिळते. आईला हाका माराव्या लागल्या त्या येथेच. उठताना काठ धरून सावकाश उठावे, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते ती बहुधा याच क्षणी. बाहेर आल्यावर पुन्हा साध्या पाण्याने आंघोळ करू नये, अशी रीत आहे, म्हणजे खनिजे अंगावर राहतात. मात्र कुसात्सूसारख्या आम्ल पाण्यानंतर ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी खुशाल अंग धुवावे. कपड्यांच्या दालनात शिरण्यापूर्वी लहान टॉवेल पिळून अंग टिपावे, आणि भरपूर पाणी प्यावे.

मद्य घेतल्यावर, भरल्या पोटी किंवा ताप असताना पाण्यात जाऊ नये. हृदयविकार आणि अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. गर्भवतींना मनाई असल्याचा उल्लेख जपान सरकारने २०१४ साली निषेधांच्या यादीतून काढून टाकला आहे, तरीही डॉक्टरांचा सल्ला आणि घसरड्या फरशीवर कोणाचा तरी हात हवाच. पाळीच्या दिवसांत सार्वजनिक कुंड टाळतात. मुलगा आईबरोबर किंवा मुलगी वडिलांबरोबर साधारण सात वर्षांची होईपर्यंतच चालते, आणि डायपरमधील बाळांना बहुतेक ठिकाणी कुंडात नेता येत नाही.

रात्र आणि सकाळ

जेवण खोलीत येते किंवा वेगळ्या दालनात मांडलेले असते. मांडी घालून बसणे आपल्याला जड जात नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पाठीची बिनपायांची खुर्ची मागून घ्यावी. आपण जेवत असताना नाकाई, म्हणजे पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या बाई, मेज बाजूला सरकवून तातामीवर 'फुतोन' घालून जातात. गादीचा पातळपणा पाहून दचकू नये. कापसाची गादी आणि वर सोलापुरी चादर यावर वाढलेल्या पाठीला तेथे उत्तम झोप लागते. कागदी सरकत्या दारांतून आवाज पलीकडे जातो, म्हणून दहानंतर हळू बोलावे.

न्याहारी साडेसात-आठला असते: भात, मिसो सूप, भाजलेला मासा, लोणची, नोरी हे समुद्रशेवाळाचे पातळ पापुद्रे आणि आंबवलेले तारयुक्त सोयाबीन म्हणजे नात्तो. दाशीची सूचना न्याहारीलाही लागू आहे, हे आदल्या रात्री पुन्हा सांगावे, कारण सकाळची पाळी वेगळ्या माणसांची असू शकते. न्याहारीपूर्वी अर्धा तास मिळाला तर एक स्नान अवश्य करावे.

दहापर्यंत खोली सोडायची असते, काही ठिकाणी अकरापर्यंत. बिलात स्नानकर म्हणून बहुधा माणशी १५० येन वेगळे लावलेले असतात. ती फसवणूक नव्हे, स्थानिक कर आहे. बक्षिसी देऊ नये. दिली तर समोरची व्यक्ती संकोचते आणि पैसे परत करायला धावते. फुतोन गुंडाळायची गरज नाही, पांघरूण दुमडून ठेवले तरी पुरे. युकाता आणि मोठा टॉवेल खोलीतच ठेवावा. निवासगृहाचे नाव छापलेला लहान टॉवेल मात्र बहुतेक ठिकाणी पाहुण्याला नेता येतो, तरी विचारून घ्यावे. घराची मालकीण आणि नाकाई दाराबाहेर येतात आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभ्या राहतात, म्हणून काच खाली करून आपणही शेवटपर्यंत हात हलवावा. त्यानंतर बॅगेची आठवण येते. सकाळच्या स्नानाचा तो लहान टॉवेल अजून ओलाच असतो, म्हणून एक प्लास्टिकची पिशवी आदल्या रात्रीच वरच्या कप्प्यात काढून ठेवावी.